घोडबंदरची धूळ, तळोज्याचा वास: आपल्या घराला साजेसा एअर फिल्टर कसा निवडावा

आमचं घर ठाण्यात मानपाड्याजवळ, सातव्या मजल्यावर. हॉलची खिडकी घोडबंदर रोडकडे उघडते, झोपायच्या खोलीची येऊरच्या डोंगराकडे. सकाळी लादी पुसून घेतली तरी दुपारी अनवाणी चाललं की तळपाय काळे होतात. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे दिवाळीनंतरचे तीन-चार महिने आमच्याकडे इनहेलर उशाशीच असतो. त्यांच्यासाठी मी पहिला एअर प्युरिफायर घेतला, तो चुकीचा घेतला. दुसरा नीट हिशेब करून घेतला. त्यानंतर सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, खारघरच्या माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं निघालं. प्रत्येक घरात शिरणारी हवा वेगळी असते, म्हणून यंत्रही वेगळं लागतं. दुकानात जायच्या आधी करायचं काम जास्त आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

आधी ओलं फडकं

दोन पांढरी सुती फडकी घ्या, ओली करून घट्ट पिळा. एकाने रस्त्याकडच्या खिडकीची चौकट पुसा, दुसऱ्याने मागच्या बाजूची. चार दिवसांनी नव्या फडक्यांनी पुन्हा तेच करा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आमच्या हॉलच्या फडक्यावर राखाडी-तपकिरी थर आला. चिमटीत चोळला तर कणी लागत होती. ही बांधकामाची, खोदलेल्या रस्त्याची, सिमेंटची धूळ. त्याच फडक्याच्या कडेला एक काळा, तेलकट पट्टा होता. तो साबणाने धुतल्यावरही पूर्ण गेला नाही. ती डिझेलची काजळी. मागच्या खिडकीच्या फडक्यावर फिकट मातकट डाग होता, एवढंच.

या चाचणीने सगळं कळत नाही. फुफ्फुसात खोलवर जाणारे कण, म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली तर अंदाज येईल. पण कुठली खिडकी बंद ठेवायची आणि कुठली उघडायची, हे फडकं बरोबर सांगतं. काजळीचा पट्टा दिसला तर तिथून न दिसणारे कणही येत आहेत असं समजायला हरकत नाही.

आता स्लायडिंग खिडक्या बघा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोन काचांच्या मध्ये जी केसाळ पट्टी असते, ती आमच्याकडे आठ वर्षांत झिजून सपाट झाली होती. काच पूर्ण लावली तरी तिथून वारा येत होता. अगरबत्तीचा धूर त्या फटीशी धरला की लगेच दिसतं. ही पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते आणि खिडकीवाला तासाभरात बसवून देतो. प्युरिफायर घ्यायच्या आधी हे करा. फटीतून धूळ येत राहिली तर यंत्र रात्रभर नुसतं धावत राहतं.

आकडे बघायचे, पण कुठले

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप घ्या आणि आपल्याला सर्वांत जवळचं केंद्र निवडा. ठाण्यात उपवन आणि कासारवडवली इथे केंद्रं आहेत, नवी मुंबईत नेरूळ, महापे, कोपरीपाडा-वाशी, तोंडरे-तळोजा अशी बरीच आहेत. नुसता एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघून थांबू नका. त्याखाली त्या वेळचा मुख्य प्रदूषक कोणता ते लिहिलेलं असतं. एक्यूआय आठ प्रदूषकांवरून काढतात, पण दाखवला जातो तो त्यातल्या सर्वांत वाईटाचा. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, पुढे असतील तर मुख्यतः धूळ, पीएम २.५ असेल तर धूर आणि काजळी. पंधरा दिवस सकाळी ८ आणि दुपारी ३ वाजता वहीत टिपून ठेवा.

इथे एक गोंधळ हमखास होतो. एक्यूआय १५० म्हणजे पीएम २.५ सुद्धा १५० असं नाही. भारतीय मोजपट्टीवर पीएम २.५ मुळे १५० आला असेल, तर हवेत दर घनमीटरला साधारण ७५ मायक्रोग्रॅम कण असतात. तेच ७५ अमेरिकी मोजपट्टी वापरणाऱ्या ॲपवर १६५ च्या आसपास दिसतात. शेजाऱ्याच्या फोनवर वेगळा आकडा दिसतो तो यामुळे. तुलना करायची तर मायक्रोग्रॅमची करा. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ची शिफारस केली. मी झोपायच्या खोलीसाठी १५ हेच लक्ष्य धरते. बाहेर ९० असताना आत २०-२५ वर आलं तरी सासूबाईंच्या रात्रीत फरक पडतो.

वेळेचं गणितही इथलंच आहे. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र रात्री जमीन लवकर थंड होते, वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर तिथेच साचतो. वाराही जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. त्यात रात्री कंटेनरची वाहतूक वाढते. सकाळी नऊपर्यंत हीच साचलेली हवा असते. दुपारी ऊन तापलं आणि खाडीकडून वारा सुटला की आकडा उतरतो. म्हणून हिवाळ्यात आम्ही खिडक्या दुपारी १ ते ४ उघडतो, त्याही मागच्या बाजूच्या. पहाटेची ‘ताजी हवा’ घरात घ्यायची सवय सासूबाईंना सोडवत नव्हती. वहीतले आकडे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच वेळ बदलली.

धूळ की वास

निवडीचा खरा फाटा इथे फुटतो. कण अडवणारा फिल्टर वेगळा आणि वायू अडवणारा वेगळा.

कणांसाठी हेपा. घड्या घातलेल्या, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा तो कागदासारखा पडदा असतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड, कारण त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात आणि त्याहून लहान कण हवेत वेडेवाकडे भरकटत तंतूंना चिकटतात. मधलेच निसटू बघतात. त्या सर्वांत अवघड मापावर युरोपीय प्रतवारीतला एच १३ फिल्टर ९९.९५ टक्के कण अडवतो, एच १२ अडवतो ९९.५ टक्के. जाहिरातीत या दोन्हींमधला फरक फार मोठा करून सांगतात. घरात तीच हवा पुन्हापुन्हा फिल्टरमधून जाते, त्यामुळे माझ्या मते या अर्ध्या टक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. खोक्यावर फक्त ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ लिहिलं असेल, प्रत लिहिलीच नसेल, तर मात्र ते यंत्र सोडून द्या.

वायूंसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास आणि वायू धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा. खारघरला बहिणीच्या खिडकीच्या चौकटीवर आमच्या निम्मीही धूळ नव्हती, पण हिवाळ्यात रात्री अकरानंतर तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने वास यायचा. घशात खवखव, डोळ्यांत पाणी. तिने माझ्यासारखंच यंत्र घेतलं. कणांचा आकडा उतरला, वास तसाच राहिला. आतला कार्बन उघडून पाहिला तर तो म्हणजे काळ्या भुकटीत बुडवलेला पातळ स्पंजचा पत्रा. असा पत्रा फोडणीचा वास तासभर धरतो आणि मग भरून जातो. कार्बनची ताकद त्याच्या वजनात असते. महापे, तुर्भे, तळोजा एमआयडीसीच्या वाऱ्यात घर असेल तर दाणेदार कार्बन किती ग्रॅम आहे हे विचारा. आकडा मिळाला नाही, किंवा पन्नास-शंभर ग्रॅमचा मिळाला, तर वासाच्या बाबतीत त्या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. काही शे ग्रॅमपासून पुढे उपयोग जाणवू लागतो. आपल्या दमट हवेत कार्बनच्या छिद्रांत पाणीही जागा धरतं, त्यामुळे पुस्तिकेत लिहिलंय त्याआधीच तो बदलावा लागतो.

कार्बन मोनॉक्साइड मात्र यातल्या कशानेच अडत नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथे झरोका आणि एक्झॉस्ट फॅन हवाच. बाहेर प्युरिफायर चालू आहे म्हणून तो बंद ठेवू नका. यात जीव जातो.

खोलीचं माप आणि सीएडीआर

सगळ्या खोक्यांवरचा सर्वांत कामाचा आकडा सीएडीआर. यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते तो सांगतो. ‘५०० चौरस फुटांपर्यंत’ या मोठ्या अक्षरांकडे लक्ष देऊ नका. सीएडीआर २०० असलेलं यंत्र ५०० चौरस फुटांच्या, नऊ फूट उंच घरात ठेवलं तर तासाला जेमतेम दीड वेळा हवा फिरते. दम्याच्या माणसाच्या खोलीत ती निदान पाच वेळा फिरायला हवी.

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि ३५ ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतील. त्याला पाचाने गुणा. आमची झोपायची खोली १० बाय ११, उंची ९. गुणाकार ९९०, भागाकार २८, पाचपट १४०. म्हणजे १४० चं यंत्र पुरेल का? नाही. छापलेला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाला इतका आवाज येतो की कुणी झोपू शकत नाही. पहिल्या वेळी मी नेमकी हीच चूक केली. यंत्र १५० चं होतं, रात्री सासूबाई ते हळू करायच्या आणि पहाटेपर्यंत आकडा पुन्हा ६० वर. मधल्या वेगाला बहुतेक यंत्रं साधारण निम्मी हवा देतात असं धरा आणि हिशेबाच्या दुप्पट घ्या. आम्ही दुसऱ्यांदा ३०० च्या आसपासचं घेतलं, ते मधल्या वेगाला पंख्याच्या आवाजात मिसळून जातं.

हॉलसाठी हाच हिशेब केलात तर धक्का बसेल. १० बाय १८ चा हॉल आणि त्याला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर मिळून ६०-६५ घनमीटर भरतात. दुप्पट धरलं तर ६०० च्या पुढचं यंत्र लागतं, आणि दार दिवसभर उघडझाप होतंच. म्हणून माझं मत ठाम आहे: एका यंत्राचेच पैसे असतील तर ते झोपायच्या खोलीत घाला. आपण तिथे सलग सात-आठ तास असतो आणि दार बंद असतं. हॉलच्या मध्यावर ठेवून सगळं घर साफ होईल या आशेवर घेतलेलं यंत्र कुठलीच खोली साफ करत नाही.

खोक्यावर काय वाचायचं, काय सोडायचं

आयोनायझर, म्हणजे हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग, असेल तर तो स्वतंत्र बटणाने बंद करता यायला हवा. काही आयोनायझर ओझोन सोडतात, आणि ओझोन दम्याला वाईट. ‘ओझोनने हवा शुद्ध’ म्हणणारं यंत्र तर घेऊच नका. यूव्ही दिवा, मोबाइल ॲप, रंगीत दिवे यांच्यासाठी पैसे वाढवू नयेत. मोठा पंखा आणि मोठा फिल्टर असलेलं साधं यंत्र बरं.

पुढच्या फिल्टरची किंमत यंत्र घेण्याआधी बघा. यंत्राची किंमत आणि पाच वर्षांचे फिल्टर यांची बेरीज करून दोन यंत्रांची तुलना करा. स्वस्त यंत्राचा महाग फिल्टर दर आठ महिन्यांनी घ्यावा लागला की सगळा हिशेब फिरतो. फिल्टर ठाण्या-वाशीत सहज मिळतो का तेही विचारा. बाहेरचा ‘चालणारा’ फिल्टर बसवला आणि कडेची फोमची पट्टी नीट टेकली नाही, तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते.

विजेची धास्ती नको. चाळीस वॅटचं यंत्र रात्री दहा तास चाललं तर महिन्याला १२ युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा.

एसीबद्दल नेहमी विचारतात. एसीच्या जाळीत केस आणि जाड धूळ अडकते, पीएम २.५ नाही. तिच्यावर चिकटवायचे पातळ फिल्टर मिळतात, पण ते थोडेच कण धरतात आणि जाड असले तर एसीची हवा अडते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, त्यामुळे एसी आणि प्युरिफायर एकत्र चालवायला काहीच अडचण नाही. फक्त बंद खोलीत रात्रभर चार माणसं असतील तर डोकं जड होतं. दार दोन बोटं उघडं ठेवा.

कुंड्यांचाही उल्लेख करायला हवा. झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून नासाचा १९८९ चा प्रयोग सगळे सांगतात, पण तो बंद पेटीत केलेला होता. घरात तेवढाच परिणाम हवा असेल तर जागोजागी झाडांचं रान लावावं लागेल. तुळस, मनीप्लांट आवडतात म्हणून जरूर लावा.

घरातच तयार होणारा धूर

इतकं करून खोलीत मच्छर अगरबत्ती लावली तर? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण सोडते असं आढळलं. खाडीकाठच्या वस्तीत डास आहेत हे खरं, पण खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हाच उपाय. देवघरातला धूप आणि उदबत्ती मी बंद करा म्हणणार नाही. आम्ही ती दुपारी, खिडकी उघडी असताना लावतो आणि झोपायच्या खोलीचं दार ओढून घेतो. फोडणी देताना चिमणी किंवा एक्झॉस्ट आधी लावा, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांनी बंद करा. प्युरिफायर ओट्याजवळ ठेवू नका. तेलाची वाफ बसून फिल्टर चिकट होतो आणि तो परत साफ होत नाही.

घरी आणल्यावर

पहिलं काम: मागचं झाकण काढा, फिल्टर बाहेर घ्या आणि त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढा. आमच्याकडे नवं यंत्र बसवायला आलेल्या माणसाने झाकण न उघडताच बटण दाबून दाखवलं आणि गेला. तीन आठवडे यंत्र चालू, सासूबाईंचा खोकला तसाच. शेवटी मैत्रिणीकडून कणमापक आणला. अर्ध्या तासात आकडा ८८ वरून ८५ वर. झाकण उघडलं तर फिल्टर पारदर्शक पिशवीत, टेपसकट. पिशवी काढून दार-खिडकी बंद केली आणि वरच्या वेगाला लावलं, तर पंचवीस मिनिटांत २१. तो फिल्टर हातात धरून मला रडू आलं होतं, कारण ते तीन आठवडे सासूबाईंनी काढले होते.

म्हणून ही चाचणी पहिल्याच दिवशी करा. छोटा लेझर कणमापक कुणाकडून मागून आणा. यंत्रापासून लांब, उशाच्या उंचीवर ठेवा. खोली बंद करून आकडा लिहा, अर्धा तास वरच्या वेगाला चालवा, पुन्हा लिहा. निम्म्याच्या खाली आला नाही तर फट, पिशवी किंवा बसवलेला फिल्टर यांपैकी काहीतरी चुकलंय. यंत्रावरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका, तो यंत्राच्या पोटाशी असलेली हवा मोजतो.

यंत्र भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड नाही, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या बाजूला पण झोत थेट तोंडावर येणार नाही असं ठेवा. झोपण्याआधी अर्धा तास वरच्या वेगाला, मग रात्रभर मधल्या.

बाहेरची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. हेपा कधीही धुऊ नका. पाणी लागलं की तंतूंची वीण बिघडते, दिसायला स्वच्छ आणि कामाला निकामी. बदलायचा कधी? बऱ्याच यंत्रांतला सूचना-दिवा फक्त तास मोजतो. नवा फिल्टर बसवतानाच त्याचा फोटो काढून ठेवा आणि महिन्याला एकदा घड्यांच्या आतला रंग त्याच्याशी ताडून बघा. आमचा एका हिवाळ्यात पांढऱ्याचा ओल्या सिमेंटच्या रंगाचा झाला. अर्ध्या तासाची चाचणी पहिल्यासारखी उतरेनाशी झाली की बदला.

जून आला की

पावसाळ्यात बाहेरचा आकडा खाली येतो, पण भिंती ओल धरतात. बुरशीचे बीजकण हेपात अडकतात हे खरं, तरी गळती असलेली भिंत तशीच ठेवून यंत्रावर भार टाकू नका. आधी गळती बंद करून घ्या. या दिवसांत कणमापकही फसवतो: दमट हवेतले पाण्याने फुगलेले कण त्याला जास्त दिसतात, म्हणून धो-धो पावसात ७० दाखवलं तरी घाबरू नका.

आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र बंद करतो. आदल्या दिवशी दोन तास कोरड्या खोलीत चालवून घेतो, फिल्टर काढून कोरड्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बांधतो आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो. दसऱ्याला घर झाडताना तो खाली येतो. हुंगून बघायचा. कुबट वास आला तर सरळ नवा. नाही आला तर घड्यांत काळे-हिरवे ठिपके आहेत का ते टॉर्च मारून बघायचं, आणि बसवण्याआधी पिशवी काढली आहे ना, हे सासूबाई आता स्वतः उभं राहून तपासतात.